चाकांवरचं घर आणि घरचा फोन



नाशिकच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचे लेक-जावई जर्मनीत असतात. येत्या उन्हाळ्यात चौघांनी मिळून मोटरहोम भाड्याने घ्यायची आणि तीन आठवडे युरोप हिंडायचा, असा बेत ठरतो आहे. त्या लिहितात, "शेगडी, फ्रीज, पलंग सगळं गाडीतच आहे म्हणे, तेव्हा स्वयंपाकाचं मी निभावून नेईन. पण घरी ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत. रोज त्यांच्याशी बोलणं होईल ना? अशा गाडीत इंटरनेट असतं का हो?"

तुमचं पत्र वाचलं आणि मला आमचा २०२३ चा जून आठवला. निघताना मी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, "आई, रोज फोन करीन हं." आठ दिवस केलाही. मग इटलीत, डोलोमाइट डोंगरांतल्या एका दरीत मुक्काम पडला. जागा इतकी सुरेख, की एकाचे दोन दिवस झाले. रेंजचा मात्र पत्ता नाही! आम्ही म्हटलं, बरं झालं, जरा शांतता.

इकडे साताऱ्याला सासूबाई दोन रात्री फोन उशाशी घेऊन जाग्या. दुसऱ्या दिवशी रक्तदाब एवढा चढला, की शेजारच्या काकूंनी डॉक्टरांना घरी बोलावलं. तिसऱ्या दिवशी आमचा फोन लागला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "फोन आला नाही त्याचं काही नाही गं. येणार नाही हे सांगितलं असतंस तर मी झोपले तरी असते."

त्या दिवसापासून मी शहाणी झाले. ते शहाणपण तुम्हाला सांगते.

सिम कोणतं? गाडीत आपोआप इंटरनेट नसतं. सोय आपणच करायची. जावयांचं जर्मन सिम असेल तर अर्धं काम झालं. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या देशांत रोमिंगचा वेगळा आकार पडत नाही, आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढवलेला आहे. संघाचे २७ देश, शिवाय नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन त्यात येतात. मात्र घरी 'हवा तेवढा' मिळणारा डेटा परदेशात मोजून मिळू शकतो. किती मिळतो, ते कंपनीला आधीच विचारून ठेवा.

आणि स्वित्झर्लंड यात नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. ब्रिटनही आता संघाबाहेर आहे. आम्ही कॉन्स्टन्स सरोवराच्या जर्मन काठावर चहा पीत बसलो होतो, तर फोनवर निरोप आला, 'स्वित्झर्लंडमध्ये स्वागत!' पाण्यापलीकडच्या स्विस टॉवरने आमचा फोन ओढून घेतला होता. नशीब, जावयांनी वेळीच पाहिलं. तेव्हा सीमेजवळ मुक्काम असेल तर फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडावं, नाहीतर डेटा रोमिंग बंद ठेवावं. मोठ्या फेरीबोटीवरही हाच धोका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क फोन पकडतो, आणि त्याचं बिल डोळे पांढरे करतं. बोटीत चढताच फोन विमानातल्यासारखा 'एअरप्लेन मोड'वर टाकावा.

गाडीत एकच राउटर. चौघांची चार सिमं घेण्यापेक्षा खिशात मावेल असा एक राउटर घ्या. त्यात एक सिम घातलं की सगळ्यांचे फोन त्याला जोडता येतात. गाडीचा पत्रा रेंज अडवतो, म्हणून राउटर कपाटात न ठेवता खिडकीशी ठेवावा. पण काचेतून ऊन येतं तिथे नको, तापून बंद पडतो. एखाद्याच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम असू द्या. एकाला रेंज नसली तर दुसऱ्याला मिळते. पिठाचा एक डबा रिकामा झाला तर दुसरा असावा, तसंच हे.

वाय-फायवर विसंबू नका. मोठ्या कॅम्पिंगच्या जागी वाय-फाय मिळतं, पण बऱ्याचदा ऑफिसपाशी चांगलं आणि लांबच्या कोपऱ्यात नावालाच. फ्रान्समधले 'एअर' किंवा जर्मनीतले 'श्टेलप्लाट्झ' म्हणजे मोटरहोमसाठी राखलेले साधे तळ. तिथे बहुधा तेवढंही नसतं. काही गावांच्या चौकात, वाचनालयात 'वायफाय फोर ईयू' नावाचं फुकट वाय-फाय मिळतं. बातम्या वाचायला ते ठीक. बँकेचे व्यवहार मात्र अशा उघड्या वाय-फायवर करू नयेत.

डेटाची काटकसर. स्पष्ट चित्राचा सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत खातो. तेव्हा सिनेमे आणि वाटेचे नकाशे चांगलं वाय-फाय असेल तिथे आधीच उतरवून घ्यावेत. फोटो आपोआप चढण्याची सोय फक्त वाय-फायवर ठेवावी. रात्री आपण झोपतो आणि फोन गुपचूप डेटा संपवत बसतो!

आपलं इथलं सिम काढून टाकू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. निघण्याआधी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, पण त्या सिमचा डेटा बंद ठेवा. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालतं. ते 'नंबर बदलायचा का?' विचारील, तर 'नाही' म्हणा.

आता सासूबाईंचं. तिकडच्या सिमवरून भारतात साधा फोन लावला तर रोमिंगचा तो नियम उपयोगी पडत नाही, पैसे भरपूर पडतात. म्हणून इंटरनेटवरूनच बोलावं. त्यांच्याकडे साधा फोन असेल तर शेजारच्या एखाद्या मुलीला वेळ ठरवून हाताशी ठेवा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ जर्मनी-इटलीच्या साडेतीन तास पुढे असतं. तिथे संध्याकाळी ५ वाजता फोन केला, तर इथे साडेआठ, म्हणजे त्यांचं जेवण आटोपलेलं असतं.

आणि 'रोज फोन करीन' असं वचन देऊ नका. मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून फ्रीजवर लावा: कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, कोणत्या दिवशी डोंगरात असल्याने फोन नाही, आणि किती दिवस वाट पाहून कोणाला कळवायचं. लेकीचा आणि जावयांचा नंबर खाली लिहा. बेत बदलला, तर रेंज सोडण्यापूर्वी निरोप पाठवा. आम्ही नेमकं तेच केलं नव्हतं.

तुमच्यासाठीही एक नंबर पाठ करा: ११२. युरोपीय संघात कुठेही, संकटात हा फुकट लागतो. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली, तरीसुद्धा.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. तीन दिवस फोन नाही, असं कागदावर लिहिलं होतं. चौथ्या दिवशी फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या, "आत्ता नको गं, भजनाला निघालेय. उद्या कर."