लाल मिरची कच्चीच खा

डब्लिनच्या दुकानात लाल, पिवळ्या, हिरव्या ढोबळ्या मिरच्या एकाच पिशवीत मिळतात. पीठ पेरून भाजी करायला आपण हिरवी उचलतो. लाल मात्र फ्रिजमध्ये सुकत राहते. तिला असं टाकू नका. झाडावर पूर्ण पिकलेल्या या मिरचीत १०० ग्रॅममागे सुमारे १२५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या दुपटीहून जास्त. याच आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक करपलं, तेव्हा गरिबांचा क जीवनसत्त्वाचा मुख्य आधार गेला आणि हिरड्यांतून रक्त काढणारा स्कर्व्ही पसरला. शिजवताना हे जीवनसत्त्व बरंच कमी होतं. म्हणून वरणभातासोबत लाल मिरचीच्या चार करकरीत फोडी लिंबू पिळून कच्च्याच वाढा. क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोहही अंगी लागेल.