मालकाचा अनुभव : अर्धाच हिशेब

अमेरिकेच्या आयोवा किंवा नेब्रास्का राज्यातला शेतकरी नवा पिकअप ट्रक घ्यावयास निघतो, तेव्हा विक्रेत्याच्या दारी तो सर्वांत शेवटी जातो. त्याआधी तो शेजाऱ्याला विचारतो, गावच्या गॅरेजवाल्याला विचारतो, मेहुण्याच्या ट्रकला गुरांचा ट्रेलर जोडून चढावर एक फेरी मारून पाहतो. फोर्डचा एफ-१५० खरा की शेव्हरोलेचा सिल्व्हराडो, रॅम बरा की टोयोटाचा टुंड्रा, ह्या प्रश्नावर तिकडे वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत. बापाने फोर्ड चालविली म्हणून मुलगाही फोर्डच घेतो, अशी घराणीही तेथे आहेत.

महाराष्ट्रात पिकअप म्हटले की बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट उतरविणारी छोटी गाडी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतला पूर्ण आकाराचा पिकअप हे प्रकरण निराळे आहे. सुमारे १९ फूट लांबी, दोन टनांच्या आगेमागे वजन, पुढे पाच-सहा माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि चार-पाच टनांचा ट्रेलर ओढण्याची ताकद, असे त्याचे स्वरूप असते. फोर्डची ‘एफ’ मालिका १९७७ पासून तेथील सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून तर मोटारी धरूनही तिचा खप बहुतेक दरवर्षी पहिलाच राहिला आहे. तेव्हा ह्या ट्रकांची तुलना म्हणजे हौशी माणसांची रिकामटेकडी चर्चा नव्हे. एका मोठ्या देशाचा उद्योग, त्याचे रस्ते आणि त्याचे राजकारण ह्या चर्चेत गुंतलेले आहे.

मालकांचे बोलणे ऐकण्यासारखे असते, कारण ते खिशाला बसलेल्या चटक्यातून आलेले असते. फोर्डने २०११ च्या मॉडेलपासून दोन टर्बोंचे सहा सिलिंडरांचे इंजिन दिले. त्याविषयी मालक सांगतात की ओढ उत्तम, पण ट्रेलर जोडला की पेट्रोलची बचत नाहीशी होते. शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे इंजिन जुन्या वळणाचे, कोणत्याही मेकॅनिकच्या ओळखीचे. तथापि इंधन वाचविण्यासाठी चालत्या इंजिनातले काही सिलिंडर बंद ठेवणारी जी यंत्रणा त्यात आली, तिच्यातले लिफ्टर बिघडल्याच्या तक्रारी त्याच मालकांनी केल्या. रॅमने २००९ च्या मॉडेलपासून मागच्या कमानपाट्यांच्या जागी वेटोळ्या स्प्रिंगा बसविल्या आणि रिकाम्या ट्रकचे धक्के कमी केले. टोयोटाची ख्याती दीर्घायुष्याची, परंतु २०२४ मध्ये इंजिनात कारखान्यातलाच धातूचा कीस राहून गेल्यामुळे तिला सुमारे एक लाख वाहने परत बोलवावी लागली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सला ६.२ लिटरच्या इंजिनातील दोषापायी सुमारे सहा लाख ट्रक आणि मोठ्या गाड्या तपासणीस बोलवाव्या लागल्या. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या विजेवरील ट्रकला जड ट्रेलर जोडला, तर एका चार्जिंगमध्ये तोडता येणारे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते, हेही जाहिरातीने नव्हे, तर वापरणाऱ्यांनी आणि चाचणी घेणाऱ्यांनी सांगितले.

अर्थशास्त्रात ह्या ज्ञानाला मोल आहे. जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचे खरे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असतील, तर तो बाजार स्वतःहून नीट चालू शकत नाही. मालकांनी परस्परांना सांगितलेला अनुभव हा ह्या विषमतेवरचा लोकांनी शोधलेला उतारा आहे. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही.

ह्या अनुभवाला संघटित रूप देणाऱ्या संस्थेचा इतिहास मात्र आज फारसा कोणाला आठवत नाही. १९३५ मध्ये न्यू जर्सीतील ‘कन्झ्यूमर्स रिसर्च’ ह्या ग्राहकसंस्थेच्या कर्मचाऱ्यांनी संप केला. मालाची परीक्षा करणाऱ्या संस्थेनेच आपल्या नोकरांची संघटना नाकारावी, ह्यातून हा झगडा उभा राहिला होता. त्यातून बाहेर पडलेल्यांनी १९३६ मध्ये ‘कन्झ्यूमर्स युनियन’ स्थापन केली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक कोलस्टन वॉर्न तिचे अध्यक्ष झाले आणि अनेक दशके त्या पदावर राहिले. ही संस्था जाहिराती घेत नाही. आपल्या लाखो सभासदांकडून वाहनांच्या दुरुस्तीचा अनुभव मागवून ती तो छापते. आज ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्‌स’ ह्या नावाने ती ओळखली जाते. परंतु तिच्या आरंभीच्या अंकांत आणखी एक गोष्ट असे. वस्तू कशी आहे ह्याच्या जोडीला, ती बनविणाऱ्या कामगारांची स्थिती कशी आहे, हेही वाचकाला सांगितले जाई. ग्राहक आणि कामगार ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत, अशी त्यामागची धारणा होती. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या ‘अन्-अमेरिकन’ कारवायांच्या समितीने संस्थेला संशयितांच्या यादीत घातले. ते नाव वगळले गेले १९५४ मध्ये. तोवर कामगारांविषयीचा मजकूर मागे पडला होता. वस्तूचा हिशेब उरला, माणसाचा गळाला.

आजच्या तुलनेत जे उणे आहे ते हेच. चार ट्रकांतून एक निवडताना मालक अत्यंत चोखंदळ असतो. पण हे चारच ट्रक त्याच्यापुढे का आले, आणि ते असेच का आहेत, हा प्रश्न त्या तुलनेत येत नाही.

त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही, कायद्यांत आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढविली. प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक ह्यांवर २५ टक्के आयातकर बसविला. बाकीच्या मालावरचा कर यथावकाश गेला, ट्रकांवरचा मात्र साठ वर्षे टिकला. त्या आडोशाला देशी कंपन्यांना पूर्ण आकाराच्या पिकअपची बाजारपेठ जवळजवळ आंदण मिळाली. टोयोटाला ती गाठायची तर टेक्सासमध्ये कारखाना उभारावा लागला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा आला. त्याखाली हलक्या ट्रकांसाठी मोटारींहून सौम्य निकष ठरले, कारण ट्रक हे शेतकऱ्याचे आणि कारागिराचे साधन मानले जाई. एफ-१५० चा जन्म त्याच वर्षाच्या मॉडेलचा. ६००० पौंडांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या गाड्यांना धूर-नियंत्रणाच्या काही नियमांतून सूट होती, आणि ती रेषा ओलांडता यावी असेच त्याचे वजन योजलेले होते. पुढे इंधनाचा निकष चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडला गेला. गाडी जितकी विस्तीर्ण, तितकी अट सैल. २०२५ मध्ये तर निकष मोडल्याचा दंडच शून्यावर आणण्यात आला. धंद्यासाठी घेतलेल्या जड वाहनांना मिळणारी करसवलत ह्याखेरीज आहे.

नियम असे, म्हणून नफा तिकडे. नफा तिकडे, म्हणून जाहिरात तिकडे. ज्याच्यासाठी सवलती दिल्या त्या शेतकऱ्याचे ट्रकमधले स्थान मात्र आकसत गेले. जुन्या पिकअपमध्ये तिघांचे एक बाक आणि मागे आठ फुटांचा हौदा असे. आजच्या लोकप्रिय नमुन्यात चार दारे, चामड्याच्या बैठका आणि मागे साडेपाच फुटांचा हौदा असतो. नव्या पूर्ण आकाराच्या पिकअपची सरासरी किंमत ६० हजार डॉलरांच्या पुढे गेली आहे, वरच्या प्रती ८० हजारही ओलांडतात, आणि सहा-सात वर्षांचे कर्ज काढणे रूढ झाले आहे. ‘स्ट्रॅटेजिक व्हिजन’ ह्या सर्वेक्षण-संस्थेच्या पाहणीत असे आढळले होते की, सुमारे तीन-चतुर्थांश पिकअपमालक वर्षातून फार तर एकदा ट्रेलर ओढतात. ज्याला खरोखर गुरे न्यावयाची आहेत, ज्या प्लंबरला हत्यारे आणि नळ वाहावयाचे आहेत, त्याच्यावर ही टीका नाही. उलट, तोच ह्या व्यवहारातला पहिला गांजलेला ग्राहक आहे. त्याला हत्यार हवे होते, त्याच्या गळ्यात दिवाणखाना बांधला गेला.

दुसरा गांजलेला माणूस ट्रकच्या पुढे उभा असतो. अमेरिकेत पादचाऱ्यांचे अपघाती मृत्यू २००९ मध्ये सुमारे ४१०० पर्यंत उतरले होते. २०२२ मध्ये ते ७५०० च्या वर गेले. ह्या वाढीला वेग, अंधार, बेशिस्त, रस्त्यांची रचना अशी अनेक कारणे आहेत, सारा दोष एकट्या ट्रकचा नव्हे. परंतु विमा कंपन्यांच्या खर्चाने चालणाऱ्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या वाहनांच्या बॉनेटची कड ४० इंचांहून उंच असते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांहून सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. ४० इंच म्हणजे शाळकरी पोराच्या छातीची किंवा डोक्याची उंची. मालकांच्या तुलनेत ‘सुरक्षितता’ हा रकाना असतो, पण ती आतल्यांची सुरक्षितता असते. बाहेरच्याने कोणताही अर्ज भरलेला नसतो, म्हणून त्याचा अनुभव नोंदलाच जात नाही.

लोकांनाच मोठी गाडी आवडते, त्याला कोण काय करणार, असे ह्यावर म्हटले जाते. आवड खरी आहे, पण तिच्यामागे भीतीही आहे. समोरचा मोठ्या गाडीत बसला आहे, तर आपण लहान गाडीत मुलाबाळांना का बसवावे, असे प्रत्येकाला वाटते. मिशेल व्हाइट ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये ह्या चढाओढीला शस्त्रस्पर्धेची उपमा दिली. त्यांच्या गणिताप्रमाणे मोठ्या गाडीतल्यांचा एक प्राणघातक अपघात टळतो, तेव्हा इतरांचे किमान चार प्राणघातक अपघात वाढतात. प्रत्येकाने आपल्यापुरते शहाणपण केले आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले. अशा कोंडीतून एकेकटा ग्राहक सुटू शकत नाही. तेथे सार्वजनिक नियमच लागतो.

तिसरा माणूस कारखान्यात आहे. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या मोटार-कामगार संघटनेने तीनही मोठ्या कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप पुकारला. कंपन्यांचे खरे मर्म कोठे आहे हे संघटनेला पक्के ठाऊक होते. ११ ऑक्टोबरला केंटकीतील फोर्डच्या जड ट्रकांच्या कारखान्यातले ८७०० कामगार बाहेर पडले, आणि २३ तारखेला मिशिगनमधील रॅमच्या कारखान्यातले ६८००. पुढच्या आठवडाभरात तिन्ही कंपन्यांशी तडजोडी झाल्या. करार साडेचार वर्षांचा, त्यात २५ टक्के पगारवाढ आणि २००९ मध्ये सोडून द्यावा लागलेला महागाई भत्ता परत. ज्या ट्रकवर कंपनी जगते, तोच ट्रक कामगाराचेही हत्यार ठरला.

पण सारे सिल्व्हराडो अमेरिकेत बनत नाहीत. त्यांतले पुष्कळ मेक्सिकोतील सिलाओच्या कारखान्यातून येतात. तेथे कामगारांना न विचारता करार करणारी जुनी संघटना होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कामगारांनी तिचा करार मतदानाने फेटाळला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ‘सिंटिया’ ह्या नव्या स्वतंत्र संघटनेला सुमारे ७६ टक्के मते दिली. त्याच वर्षी साडेआठ टक्के वाढ मिळाली. त्यानंतरही सरहद्दीच्या दोन बाजूंच्या मजुरीत अनेक पटींचे अंतर उरलेच. एकाच नावाचा ट्रक, एकच किंमत, आणि हात मात्र दोन दरांनी मोजलेले.

ह्या हिशेबाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावच्या कारखान्यातले उत्पादन बंद केले. भांडवल अधिक परताव्याकडे वळवावयाचे, हे धोरण कंपनीने उघडच सांगितले होते. आणि तिचा सर्वाधिक परतावा उत्तर अमेरिकेतल्या पिकअपांत आणि मोठ्या गाड्यांत आहे. तळेगावचे हजाराहून अधिक कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. पुढे कारखाना दुसऱ्या कंपनीने घेतला. टेक्सासमधल्या मालकाला तळेगाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या पसंतीवर उभा राहिलेला नफा कोणत्या दिशेने वाहिला, हे तळेगावच्या कामगाराला पुरते समजले आहे.

मालकांनी तुलना थांबवावी असे ह्यातून निघत नाही. लिफ्टर कोणत्या इंजिनाचे बिघडतात हे लोकांनी लोकांना सांगितलेच पाहिजे. मात्र १९३६ मध्ये जो रकाना मांडला गेला आणि नंतर गळाला, तो पुन्हा मांडावा लागेल, आणि त्याच्या शेजारी रस्त्यावरच्या माणसाचा एक नवा रकाना लागेल. कार्यकर्त्यांनी ग्राहकांत काम करताना हे ध्यानी ठेवले पाहिजे. वस्तू टिकते किती, हे विचारणारा माणूस आपल्या बाजूचा आहे. ती कोणी, काय मजुरीवर बनविली आणि ती कोणाच्या अंगावर येऊ शकते, हे दोन प्रश्न त्याच्या प्रश्नाला जोडून देणे, एवढेच आपले काम आहे. तो ते विचारू लागला, की त्याचा हिशेब पुरा होईल.