तीन इंची सुरी

उरुसात किंवा आठवडी बाजारात लहान सुरी दिसली की पोरांचा हात आधी तिच्याकडे जातो. शेतातल्या कामाला घडीच्या चाकूपेक्षा ती बरीच. बिजागरी नाही, म्हणून सैल होत नाही, आणि कैरीचा रस, माती अडकून बसत नाही.

घेताना मूठ पाहा. पाते मुठीच्या टोकापर्यंत गेलेले व रिव्हेटांनी पक्के हवे. नुसते ठोकून बसवलेले जोर लावताच हलते. लोखंडी पात्याला धार पटकन लागते, पण लिंबू कापून तसेच ठेवले की गंज आलाच. स्टेनलेसला गंज कमी, मात्र धार लावताना घाम निघतो. पुसून तेलाचा हात फिरवणार असाल तर लोखंडीच घ्या. म्यानाशिवाय घेऊ नका. मशिदीतून वा बाजारातून बाण नेणाऱ्याने कुणाला इजा होऊ नये म्हणून त्यांची टोके धरावीत, अशी हदीस सहीह बुखारीत आहे.

मुले सांगतात, 9 इंचांखालच्या पात्याला परवाना लागत नाही. शस्त्र नियमांत तशी मर्यादा आहे खरी. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. तेव्हा लहान सुरी बाळगणेही अंगाशी येऊ शकते. कॉलेजच्या दप्तरातली सुरी सुतळी कापायला होती, हे चौकीत कोण ऐकणार? शेताच्या पिशवीत ठेवा, स्वयंपाकघरात ठेवा. शहरात जाताना मुलाचा खिसा आणि गाडीची डिकी आईने एकदा पाहावी.