चितळाच्या चराईचं देणं
चितळ शेतकऱ्याच्या मुळावर उठलंय, मारायची मोकळीक द्या, हे म्हणणं ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत आता उघडपणे ऐकू येतं. माधव गाडगीळांसारख्या जाणत्या शास्त्रज्ञानेही वन्यप्राण्यांच्या शिकारीला मुभा असावी, ही बाजू आग्रहाने मांडली. त्यामागची शेतकऱ्याविषयीची कळकळ मला पूर्ण मान्य आहे. तोडगा मात्र, निदान चितळापुरता, पटत नाही.

एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी साधारण 50 जनावरं लागतात. दरवर्षी एवढं भक्ष्य मिळत राहायचं, तर मागे 500 जनावरं जिवंत असावी लागतात, असं वाघांचे अभ्यासक सांगतात. चितळ, सांबर, रानडुक्कर विरळ झाले की वाघ गोठ्याकडे वळतो. म्हणजे हरभरा राखायला गाय घालवायची! उलट बाजूही पाहावी. इंग्रजांच्या काळात अंदमानात चितळ नेऊन सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही. चितळ इतके फोफावले की जंगलात नवी रोपं वर येणं अवघड झालं. चितळावर वचक ठेवण्याचं काम वाघ करतो, आणि वाघाच्या पोटाची सोय चितळ करतं.

म्हणून चितळ फायद्याचं, हे खरं. पण एवढ्यावर थांबून ‘पर्यटनातून गावांना मिळतंच की’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जास्त मोठं आहे. जिप्सी, गाइड, रिसॉर्ट यांचा पैसा मोहर्ली, कोलारा अशा गेटांच्या आसपास फिरतो. गेटापासून दूर, जंगलाला बांध लागून असलेल्या धानउत्पादकाच्या घरी त्यातलं काय येतं?

धान कापल्यावर ओलीवर हरभरा, लाखोळी पेरायची आणि कोवळे शेंडे चितळांनी एका रात्रीत खुडून न्यायचे, हे त्याचं नुकसान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं त्याहून जड आहे. पीक उभं असेपर्यंत रोज मचाणावर जागल, थंडी, अंधारात वाघाचं भय, आणि झोप नसल्याने दुसऱ्या दिवशीची बुडालेली मजुरी. पंचनामा होतो तो खाल्लेल्या पिकाचा. रात्र रात्र जागून जे पीक वाचवलं, त्या जागलीचा नाही. कंटाळून रब्बी सोडून दिली, तर पडीक वावराचा पंचनामा कोण करणार? हताश झालेला एखादा तारेत वीज सोडतो, आणि त्यात वाघही मरतो, माणूसही.

चितळ राखणं समाजाला हवं असेल, तर शेतातल्या चराईचं भाडं समाजाने भरावं. प्रवेशशुल्कातला ठरावीक वाटा हंगामाआधी, एकरी दराने, जंगलालगतच्या प्रत्येक वावराला द्यावा, पीक खाल्लं गेलं असो वा नसो. सौर कुंपण एकेकट्याला न देता सबंध शिवाराला घालावं, नाहीतर कळप फक्त शेजाऱ्याच्या बांधावर सरकतो. आयते पैसे मिळाले की शेतकरी राखण सोडून देईल, हा आक्षेप टिकत नाही. रक्कम एकरी ठरलेली, त्यामुळे राखलेला हरभरा त्याचा त्यालाच उरतो.