न्हाणीघराची शोभा
आश्विन वद्य पक्ष लागला, की दिवाणखाना सजतो. न्हाणीघर मात्र उपेक्षित राहते. वस्तुतः नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला मान त्याचाच! कोनाड्यात पणती ठेवावी, पाटाभोवती रांगोळी रेखावी, हे योग्यच. परंतु वाचकभगिनींस आमची विनंती अशी, की पावसाळ्यात धरलेले शेवाळ आधी घासून काढावे. तेलाउटण्याने फरशी निसरडी होते. म्हणून प्रत्येकाच्या स्नानानंतर ती साबण व कढत पाण्याने धुवावी. गॅसचा गिझर असल्यास गारठ्याच्या भयाने झरोका कदापि झाकू नये. हवा कोंडल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्या विषारी वायूस ना रंग, ना वास. घरातील वडील मंडळी अभ्यंगस्नान करून सुखरूप बाहेर यावीत, हीच आमच्या मते न्हाणीघराची खरी शोभा होय.