तीन वर्षांचा पाहुणा

ब्रिटनमधील प्राप्तिकर मुळात तात्पुरता होता. फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी विल्यम पिट यांनी तो १७९९ मध्ये आणला. वॉटर्लूनंतर, १८१६ मध्ये, संसदेने तो रद्द केला. १८४२ मध्ये रॉबर्ट पील यांनी तो तीन वर्षांपुरता परत आणला आणि तो कायमचाच राहिला. मात्र आजही कायद्याने त्याची मुदत दरवर्षी ५ एप्रिलला संपते. संसदेने नव्याने संमती दिली, तरच आकारणी होते. ही निव्वळ औपचारिकता नव्हे, असे माझे मत आहे. तिचे मोल आपल्याच इतिहासात दिसते. १८५७ नंतरची तूट भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हाच कर हिंदुस्थानावर बसवला, तेव्हा तो संमत करणाऱ्या विधान परिषदेत एकही भारतीय नव्हता. कर तोच, संमती मात्र विलायतेतच राहिली.