कानाने वाचणारी आजी



डिसेंबर लागला की आपल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ वाढते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनाला आलेली विदर्भ-मराठवाड्यातली मंडळी परतण्यापूर्वी नातेवाइकांकडे टेकतात. मग २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीचे भीमा कोरेगाव, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती. मध्येच शाळांची नाताळची सुट्टी. एरवी ज्या आजीला फोनवर "जेवलीस का?" यापलीकडे कोणी विचारीत नाही, तिच्याभोवती या दिवसांत नातवंडे गोळा होतात. पण जमूनही काय, तर जो तो आपल्या मोबाईलमध्ये! ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आम्ही मात्र आज मोबाईलच्या बाजूने बोलणार आहोत.

आमच्या आईचे, म्हणजे मुलांच्या आजीचे, वय सत्त्याहत्तर आणि शिक्षण तिसरी. अक्षर लावून वाचते. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक टाईप तिला झेपत नाही. भाच्याने तिच्या मोबाईलवर श्राव्य पुस्तके लावून दिली. आता तांदूळ निवडता निवडता ती पुस्तक ऐकते. यावर आमच्या एका शिकलेल्या नातेवाइकांनी नाक मुरडले. पुस्तक वाचायचे असते, ऐकायचे ते भजन, असे त्यांचे म्हणणे पडले.

आम्हाला हे पटत नाही. तबकड्यांवर पुस्तके उतरवण्याचे काम अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या काळात सुरू झाले ते अंधांसाठी. इंग्लंडमध्ये १९३५ साली ही बोलकी पुस्तके निघाली, त्यामागे पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा विचार होता. म्हणजे हे आळशांचे साधन नव्हे. ज्यांना पुस्तकाचे दार बंद झाले त्यांच्यासाठी ते निघाले, आणि आमच्या आज्यांना ते दार उघडे होते कधी? तथागतांचा धम्मही शेकडो वर्षे कानानेच जपला गेला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो न्हावी कुळातल्या उपालीने, सुत्ते सांगितली आनंदाने; सिंहलद्वीपात हे सारे ताडपत्रावर उतरले ते फार पुढे. आणि भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी ऐकून जी माणसे चळवळीत आली, त्यांतल्या किती जणांना वाचता येत होते? असो.

श्राव्य पुस्तकाची उणीव एकच. ते बोलत राहते, आपले ऐकून घेत नाही. तिथे नातवंडे लागतात.

थंडीचे दिवस खेळांचेही असतात. सकाळी मैदानात कबड्डी, खो-खो, क्रिकेट, सगळे एकाच वेळी चालू असते आणि कडेला शाली पांघरून उन्हात बसलेल्या आज्या. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी नेपाळला हरवले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. रविवार होता, बहिणीची मुले घरी आली होती. आजीला मध्ये बसवून त्यांनी मोबाईलवर सामना लावला. गडी कसा बाद होतो हे नात तिला समजावीत होती : "आजी, हात लागला की आऊट."

आई म्हणाली, "मले ठाऊक हाय. शाळंत आम्ही लंगडी खेळत होतो ना. मी कधीच बाद झाली नाही. मले शिवणार कोण?"

आणि ती हसली. मुले हसली नाहीत. नातीने सामन्याचा आवाज बंद केला. इंग्रजी शाळेतली मुलगी, मराठी वाचताना अडखळते, पण तिने विचारले, "मग तू दुसऱ्यांना पकडायचीस का?" त्यावर आई जे बोलू लागली ते आम्ही तिच्या पोटी जन्मून कधी ऐकले नव्हते. नातीने मोबाईलवर ध्वनिमुद्रण चालू केले. चाळीस मिनिटे भरली.

आमचा जन्म कचेरीत नोंदी करण्यात चालला आहे. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असा तिथला कायदा. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढले. त्यांच्या काळी हे फार कष्टाचे होते. आज यंत्र प्रत्येक पाहुण्याच्या खिशात आहे. पाहुण्यांनी एवढेच करावे : फोटो झाले की मोबाईल आजीपुढे ठेवावा, एक प्रश्न विचारावा आणि मध्ये बोलू नये. आजी चुकली तरी दुरुस्त करू नये. ती दुरुस्ती करणारे दुसरे असतात.

आमच्याकडे तेच झाले. १९५६ च्या दीक्षेला आपली आई शेजारणीचे पांढरे लुगडे उसने नेसून वर्ध्याहून नागपूरला गेली, असे आईने ध्वनिमुद्रणात सांगितले आहे. ते मावशीला ऐकवले तर ती फोनवरच कडाडली. लुगडे उसने नव्हते, चांदीचे कडे विकून घेतलेले होते! दोघींत थोरली मावशी. आई तेव्हा आठ वर्षांची. दोघीही मागे हटायला तयार नाहीत. मावशी या ६ डिसेंबरला येते आहे. नातीने मोबाईलमध्ये जागा करून ठेवली आहे.